व्यंकटी गवाहीला का आला नाही

व्यंकटीला लहानपणापासून तंद्री लागायची. उमरीच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या पात्राशेजारच्या एका वस्तीत तो वाढला. नदीकडे तोंड करून बसला की त्याला हाक ऐकू यायची नाही. आई म्हणायची, "हे लेकरू अर्धं जागं, अर्धं झोपेत जन्मलंय." शाळेत तो टिकला नाही. वाचायला बसला की अक्षरं पाखरांसारखी उठून जायची. मग बापानं त्याला जनावरांमागं लावलं, आणि तिथं त्याचं बरोबर जमलं. जनावरांना घाई नसते, त्यालाही नव्हती.

वस्तीनं धम्म घेतला तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. एका पांढऱ्या सदऱ्यातल्या गुरुजींनी सगळ्या पोरांना ओळीत बसवून पंचशील म्हणायला शिकवलं. बाकीच्या पोरांनी ते पाठ केलं. व्यंकटीला पाठांतर कधी जमलं नाही, पण चौथं शील त्याच्या मनात रुतून बसलं : खोटं बोलणार नाही. गुरुजींनी इतकं सरळ सांगितलं होतं की त्यातून पळवाट असेल असं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

पुढं पंचशीला नावाच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. तिला भाऊ नव्हता, म्हणून तो मन्याड नदीच्या काठच्या तिच्या गावी येऊन राहिला आणि शेषेराव पाटलाची जनावरं राखू लागला. जनावरं देवणीची होती, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली. पाटलाची बायको तारामती देवणीकडची, तिच्या बापानं ती आंदण दिलेली. अहमदपूरच्या बाजारात बैल विकायचा असला की शेषेराव व्यंकटीला मुद्दाम घरी ठेवायचा. एकदा गिऱ्हाइकानं "बैलाला काही खोड?" म्हणून विचारलं, तर व्यंकटीनं बैलाच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "हाय ना. खांद्यावर जू ठिवलं की बसतंय." सौदा तिथंच मोडला. सगळा बाजार हसला आणि शेषेरावानं त्याला चार माणसांत शिवी घातली. व्यंकटीला कळलं नाही, आपण काय चुकलो.

मग ते वर्ष आलं. लातूर नवा जिल्हा झाला होता, पण लोकांच्या तोंडून अजून उस्मानाबाद जात नव्हतं. एसटीच्या पाट्या नव्यानं रंगवल्या जात होत्या. पावसानं मात्र सलग दुसऱ्यांदा दगा दिला. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "पाऊस अजून उस्मानाबादलाच आपल्याला हुडकून राहिला असंल. त्याला कुणी सांगितलंच न्हाई, जिल्हा बदलला म्हणून."

माघ सरता सरता गावच्या हिरी आटल्या. पाणी राहिलं ते एकट्या शेषेरावाच्या हिरीला, तेही खोल तळाशी, काळ्या आरशाच्या तुकड्याएवढं. त्यानं हिरीभोवती बाभळीच्या काट्या लावल्या. भाऊबंदांना एक-एक घागर मिळे, तीही त्याची मर्जी असली तर. बौद्ध वस्तीच्या बायांना नाहीच. एका सकाळी वस्तीतला साहेबराव रिकामी घागर घेऊन काट्यांपाशी उभा राहिला. तरणाबांड, तापट गडी. शब्दाला शब्द लागला. शेवटी साहेबराव सगळ्यांसमोर ओरडला, "राख, राख हीर! ह्याच हिरीत एक दिवस मरशील!"

हे बोलणं पुढं त्याच्या गळ्याशी आलं.

वस्तीला एक गोष्ट ठाऊक होती आणि कुणी ती बोलत नव्हतं. भर दुपारी, शेषेराव जेवून आडवा झाला किंवा बाजाराला गेला की तारामती हिरीवर यायची, काट्या बाजूला सारायची, स्वतः रहाट ओढायची आणि वस्तीच्या बायांच्या घागरी भरून द्यायची. एक शब्द नाही. बायाही बोलायच्या नाहीत. डोक्यावर घागर आणि तोंडाला पदर, अशा त्या नाल्यातून निघून जायच्या. नाल्यापलीकडं चिंचेखाली व्यंकटी जनावरं बसवून असायचा. उन्हाच्या वाफेत त्या बाया त्याला जमिनीपासून थोड्या वर चालल्यासारख्या दिसायच्या.

साहेबरावाच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी तो असाच बसला होता. ऊन पांढरं पडलं होतं. गायी रवंथ करत होत्या, त्यांच्या जबड्यांचा तो एकसुरी आवाज त्याच्या डोक्यात झुलत होता. बाया घागरी घेऊन गेल्या होत्या. तारामती काट्या पुन्हा लावायला वाकली आणि बाजाराला गेलेला शेषेराव अवचित मागून आला. एसटी चुकली असेल, की कुणी कान भरले असतील. त्यानं तिचा खोपा धरला.

"पाणी वाटतीस? जा, खाली जाऊन वाट!"

तो तिला ओढत काठाशी नेऊ लागला. तिनं रहाटाच्या खांबाला मिठी मारली. तो ओढत होता, ती सोडत नव्हती. मग तिनं सगळं बळ एकवटून त्याच्या छातीला झटका दिला. शेषेराव मागं गेला, एक पाय हवेत आला, आणि तो दिसेनासा झाला. पाणी इतकं खोल होतं की आवाज यायला वेळ लागला. आला तेव्हा तो अगदी लहान होता, कुणी दूर कुठं दार लोटल्यासारखा.

तारामती खांबाला धरून तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं उठली. काट्या एक-एक करून जागेवर लावल्या आणि घराकडं गेली.

व्यंकटी हलला नाही. तंद्रीत त्याला पुष्कळ काही दिसायचं : कोरड्या नाल्यातून वाहणारं पाणी, मेलेली आई भाकरी घेऊन येताना. थोडं थांबलं की ते विरून जायचं. हेही विरेल म्हणून तो थांबला. पण कावळे ओरडत राहिले, ऊन तसंच राहिलं, आणि रहाटाचा दोर हलायचा थांबेना. तेव्हा तो उठला, नाला ओलांडून गेला आणि काट्यांवरून वाकून पाहिलं. तळाशी शेषेराव पालथा होता. त्याच्या पागोट्याचं कापड सुटून पाण्यावर हळूहळू पसरत होतं. हाक मारावी म्हणून व्यंकटीनं तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्य जनावरांत काढलेलं, हाकेच्या पल्याड गेलेला जीव त्याला ओळखता येत होता. तो परत चिंचेखाली येऊन बसला. घरी गेल्यावर जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी शेषेरावाचा भाऊ हणमंतराव हिरीवर गेला आणि गाव गोळा झालं. साहेबरावाचे शब्द सगळ्यांनी ऐकले होते. हणमंतरावानं तेच धरलं. दिवस मावळायच्या आत साहेबरावाला बाजारगावच्या ठाण्यात नेलं. थोड्याच दिवसांनी दवंडी आली : प्रांतसाहेब स्वतः बाजारगावच्या डाकबंगल्यात येऊन मरणाची चौकशी करणार, ज्यानं जे पाहिलं ते सांगावं.

साहेबरावाची आई भामाबाई व्यंकटीच्या दारात येऊन बसली.

"व्यंकटी, तू रोज तिथंच असतूस. तू बघितलं असशील. माझं लेकरू त्या दिशी दिसभर माझ्यापाशी होतं, कुडाला माती लिपून राहिलं होतं. पण आईचं कोण ऐकतंय? तू सांग."

व्यंकटी म्हणाला, "साहेबराव तिथं नव्हता, मावशी."

म्हातारीनं त्याचे हात धरून कपाळाला लावले. तिनं जाऊन नाव दिलं, आणि कोतवाल येऊन व्यंकटीला सांगून गेला : तारखेला हाजिर राहायचं.

पंचशीलाच्या जिवात जीव आला. "येवढंच सांगायचं की मग. साहेबराव नव्हता. बस."

"मग ते इचारतील, कोण होतं?"

पंचशीला जवळ सरकली. "कोण होतं?"

"मला इचारू नको," तो म्हणाला. "इचारलंस तर मी सांगंन."

त्यानंतर त्याला झोप अशी राहिलीच नाही. चालता चालता डोळा लागायचा, आणि डोळा लागला की रहाट फिरायचा. साहेबरावाला सोडवायचं तर त्या बाईचं नाव तोंडातून निघणार. आणि ती बाई कोण, तर जिच्या हातचं पाणी त्याच्या घरच्या रांजणात होतं. त्याच पाण्याची भाकर त्यानं खाल्ली होती. खोटं बोलून दोघांनाही वाचवता आलं असतं. दुसऱ्या कुणाला जमलं असतं.

तारखेच्या आधीच्या आठवड्यात तो दावणीवर शेण काढत होता. तारामती आत आली. पांढरं कपाळ घेऊन ती पहिल्यांदाच गोठ्यात येत होती. एका गाईच्या कपाळावर हात ठेवून, गाईशीच बोलावं तशी म्हणाली, "तुझं नाव दिलंय म्हणं."

"हाव, बाई."

"तू होतास चिंचंखाली."

"होतो."

तिनं हात खाली घेतला, गाय तो चाटू लागली. "मग काय सांगणारैस?"

"मला खोटं येत न्हाई, बाई. तुमाला ठावं हाय. तिथं हुभा राहिलो तर सगळं निघंल." त्यानं खराटा बाजूला ठेवला. "मी सांगितलं तर लोक म्हनतील, बाईनं नवऱ्याला मारून काट्या लावल्या आन् गप बसली. तुम्ही सांगितलं तर तुमी का ढकललं तेबी ऐकतील. म्हून मी जात न्हाई."

"आन् मी गप राह्यले तर?"

"साहेबरावाला सोडलं न्हाई, तर मी परत येईन आन् सांगंन. त्याच्या आईच्या हातावर माझं कपाळ हाय." बोलताना हात-कपाळाची उलटापालट झाली, पण दोघांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. "तवर तुमचं तुमी बघा."

तारामतीनं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. ती म्हणाली, "चारा सरलाय. जनावरं घेऊन तुझ्या गोदावरीला जा. माझ्या बापाची हायत, मरू देऊ नको."

व्यंकटी दुसऱ्याच दिवशी निघाला. गावानं एवढंच पाहिलं : पाटलीण गोठ्यात गेली, आणि तारीख तोंडावर असताना एकुलता साक्षीदार तिची जनावरं घेऊन जिल्ह्याबाहेर चालला. पंचशीला दारात उभी होती. त्यानं सांगायला तोंड उघडलं, तशी ती आत गेली.

त्या वाटेची आठवण त्याला पुढं कधी सलग आली नाही. लोह्याकडची माळरानं, पानं गळालेले पळस आणि त्यांच्यावर पेटलेली फुलं, लांबून तळ्यासारखी चमकणारी सडक. जनावरं त्या चमकेकडं धावायची, आणि जवळ गेली की तळं पुढं सरकायचं. एका गावात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोणता जिल्हा?" व्यंकटीला आठवेना. म्हातारा म्हणाला, "आसू दे. जनावराला जिल्हा नसतो," आणि वाळला कडबा दिला. गोदावरी जवळ आली तशी वाऱ्यात ओल जाणवली. गायींना ती त्याच्याआधी लागली. माना वर करून त्या चालू लागल्या, मग धावू लागल्या, आणि त्याच्या लहानपणचं पात्र समोर उघडलं, निम्मं वाळूचं. मधल्या डोहांत निळं पाणी होतं. पांढऱ्या गायी पोटापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. पाण्यात त्यांच्या उलट्या सावल्या उभ्या राहिल्या. व्यंकटीही धोतरासकट आत गेला.

तारखेची दुपार त्यानं त्या डोहाकाठी काढली. तारीख तीच होती हे त्याला नीट ठाऊक होतं, बाकी काही ठाऊक नव्हतं तरी. करंजाच्या सावलीत डोळा लागला, आणि वाळूतून शेषेराव चालत आला. डोक्याला पागोटं नव्हतं. शेजारी बसून म्हणाला, "व्यंकटी, तहान लागलीय रं." व्यंकटी उठला, ओंजळ भरून आणली आणि त्याच्यापुढं धरली. शेषेराव प्यायला. दुसरी ओंजळ प्यायला. तिसऱ्या वेळी व्यंकटी पाणी घेऊन वळला तर वाळूवर कुणी नव्हतं, आणि त्याचे दोन्ही हात जागेपणीसुद्धा ओले होते. तो उठून डोहाकडं पाहत बसला. पात्राच्या पलीकडून हाक आली की काय असं त्याला सारखं वाटत होतं. दोनदा तो उठून गावाच्या दिशेनं चालू लागला आणि दोनदा जनावरांकडं बघून थांबला.

काही दिवसांनी खरोखरच कुणीतरी वाळूतून चालत आलं. पंचशीला होती. नांदेडपर्यंत एसटीनं, तिथून उमरीला रेल्वेनं, आणि पुढं पायी. तिचे पाय धुळीनं पांढरे झाले होते. ती बसली नाही.

"पाण्यात पाय सोडून बसलाव. लई चांगलं."

"साहेबराव?" तो म्हणाला.

"आधी माझं ऐका." तिनं पदरानं घाम पुसला. "शिपायानं तीनदा पुकारा केला. व्यंकटी हाजिर है? व्यंकटी हाजिर है? सगळा डाकबंगला माझ्याकडं बघून राहिला. भामामावशी धुळीत बसली. हणमंतराव हसला. मला वाटलं जिमीन फाटावी."

व्यंकटीनं पाण्यातून पाय बाहेर काढले.

"मग ती उठली. पाटलीण. डोक्यावर पदर घेतला, सरळ प्रांतसाहेबापुढं गेली. म्हनाली, मला सांगायचं हाय. हणमंतराव हात धराया गेला, तिनं झिडकारला. सगळं सांगितलं, पाण्याचं, खोप्याचं, ढकलल्याचं. काट्या लावल्याचंबी सांगितलं. साहेब लिहायचा थांबला आन् नुसता ऐकत राहिला." ती दमली. "साहेबरावाला सोडलं. तिला नेलं."

गोदावरीवरून टिटवी ओरडत गेली. व्यंकटीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. पंचशीला आता बसली, पण जरा लांब.

"वस्ती म्हनती, तुम्ही गवाही इकली."

"न्हाई इकली."

"बघितलं होतं?"

"हाव."

मग त्यानं सगळं सांगितलं, गोठ्यातलं बोलणंसुद्धा. पंचशीलानं शेवटपर्यंत ऐकलं. तिला नवऱ्याचं बोलणं खरं वाटलं, कारण खोटं त्याला येत नव्हतं. तरी ती म्हणाली, "साहेबरावाचे ते दिवस कोण देणार? भामामावशीला झोप न्हाई, अन्न न्हाई. त्याचं काय?"

"ते मला देता येत न्हाईत," तो म्हणाला.

ती त्या संध्याकाळी परत गेली नाही. जनावरांबरोबर तिथंच राहिली, पाऊस येईपर्यंत. आला तोही वेळेवर नाही, पण आला.

खटला लातूरला उभा राहिला. नव्या जिल्ह्याच्या त्या शहरात व्यंकटी पहिल्यांदाच गेला. ह्या वेळी त्याला कुणी बोलवायची वाट त्यानं पाहिली नाही. तारामतीच्या वकिलाला शोधून तो म्हणाला, "आता मला सांगायचं हाय." सरकारी वकिलानं विचारलं, "चौकशीच्या वेळी कुठं होतास?" व्यंकटी म्हणाला, "पळालो होतो." कोर्टात खसखस पिकली. "का पळालास?" "इचारलं आसतं तर ह्यांचं नाव सांगावं लागलं आसतं. आता त्यांनीच सांगितलंय, तर मला फकस्त ऱ्हायलेलं सांगायचं हाय." राहिलेलं होतं ते एवढंच : तारामती स्वतःच्या तोंडानं सांगू शकत होती की नवरा ओढत होता, पण ती मरता मरता वाचली हे पाहणारा व्यंकटीशिवाय दुसरा माणूस जगात नव्हता. खांबाला मारलेली मिठी, काठावर घासत गेलेले पाय, सुटलेला खोपा. व्यंकटीला तंद्रीत पाहिलेलं सगळं तसंच्या तसं दिसत होतं. तो बोलत राहिला. जीव वाचवताना घडलं, असं कोर्टानं मानलं आणि तारामती सुटली.

ती गावात राहिली नाही. जनावरं घेऊन देवणीला भावाकडं गेली. जाताना ठिपक्यांची एक कालवड व्यंकटीला देऊ केली. त्यानं घेतली नाही. घेतली असती तर वस्तीला हवा तो पुरावा मिळाला असता, पण कारण ते नव्हतं. कालवडीनं मान वळवून आईकडं पाहिलं होतं, आणि त्याला ती तोडवेना.

वस्तीनं काही त्याला माफ केलं नाही. लातूरची गोष्ट ऐकून लोक म्हणाले, "आधी न जायचे पैसे घेतले, मग जायचे घेतले." व्यंकटी कुणाशी भांडला नाही. लोकांची शेरडं राखायचा, बुद्धवंदनेला मागच्या ओळीत बसायचा आणि चौथं शील आलं की त्याचा आवाज जरा मोठा व्हायचा. पंचशीला मात्र भांडायची, नळाच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, जिथं कुणी विषय काढील तिथं.

साहेबराव त्याच्याशी बोलत नव्हता. समोरून आला तर रस्ता बदलायचा. भामाबाई गेली तेव्हा व्यंकटी खांदा द्यायला पुढं झाला, आणि साहेबरावानं मान हलवून नको म्हटलं. व्यंकटी मागं झाला, सगळ्यात शेवटी चालला.

अशी बरीच वर्षं गेली. साहेबरावाचे केस पिकले. एका दुपारी तो व्यंकटीच्या अंगणात आला आणि न बोलावता बाजेवर बसला. पंचशीला आतून दारात आली, चौकटीला टेकून उभी राहिली.

"तू आधीच सांगितलं असतंस," साहेबराव म्हणाला, "तर मी त्याच दिशी सुटलो असतो."

"हाव."

"आन् ती?"

"ती जन्माची आत गेली असती."

साहेबराव अंगणातल्या शेरडांकडं बघत बसला. एक करडू येऊन त्याच्या धोतराचा सोगा चघळू लागलं, त्यानं ते चघळू दिलं. पंचशीलानं चहा आणला. तो त्यानं घेतला, बशीत ओतून, फुंकर घालत, सावकाश. बाजेवरची सावली जमिनीवर उतरली तसा तो उठला.

"येतो," म्हणाला.

"ये," व्यंकटी म्हणाला.